पिढ्यांची मोजणी : एन्नोरचे बर्मा नगर आणि वंशान्वये नागरिकत्व

चेन्नई शहराच्या उत्तर टोकाला, कोसस्थलैयारु नदी खाडीच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते तेथे, एन्नोर वसलेले आहे. स्वातंत्र्यानंतर उभा राहिलेला मोटारींचा कारखाना, १९७० पासून २०१७ पर्यंत चाललेले औष्णिक विद्युत केंद्र आणि २००१ साली खुले झालेले बंदर ह्यांमुळे ह्या भागाची ओळख आज औद्योगिक आहे. परंतु त्याची मूळ वस्ती मासेमारांची. चिन्नकुप्पम्, पेरियकुप्पम् ही नावे तमिळ किनाऱ्यावर सर्वत्र आढळतात, कारण 'कुप्पम्' म्हणजे आपल्याकडील कोळीवाडाच. ह्या नावांच्या शेजारी मात्र एक नाव वेगळे उभे आहे, ते म्हणजे 'बर्मा नगर'. ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, १९६० नंतरच्या दशकात जी तमिळ कुटुंबे मद्रासच्या बंदरात उतरली त्यांची वस्ती ह्या नावाने ओळखली जाते.

अशा कुटुंबांसाठी तमिळमध्ये 'तायगम् तिरुम्बियोर्' असा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याचा अर्थ 'मायभूमीस परतलेले' असा आहे. ह्या शब्दातील 'परतलेले' हे पद विचार करावयास लावणारे आहे. बोटीतून उतरलेल्यांपैकी अनेकांचा जन्म ब्रह्मदेशातील होता. मद्रासचा किनारा ते प्रथमच पाहत होते. जो कधी येथे नव्हता तो परतला असे म्हणावयाचे, तर त्याच्या वतीने कोणीतरी आधी येथून गेलेले असले पाहिजे. तो बाप असेल, आजा असेल किंवा पणजाही असेल. असा संबंध किती पिढ्यांपर्यंत ग्राह्य धरावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर भाषा एका प्रकारे देते आणि कायदा दुसऱ्या प्रकारे. परदेशात जन्मलेल्या अपत्यास आईबापांचे नागरिकत्व कसे मिळते आणि कोठे थांबते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात एन्नोरच्या ह्या वस्तीच्या संदर्भात करावयाचा आहे.

१

प्रथम 'परदेश' ह्या शब्दाकडे पाहू. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ ह्या काळात मंडालेच्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य' तेथेच लिहिले गेले, ही गोष्ट मराठी वाचकास परिचित आहे. पण तो कारावास कायद्याच्या भाषेत परदेशातील नव्हता. हिंदुस्थान सरकारने आपला बंदी आपल्याच मुलखाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता. रामनाथपुरम् किंवा तंजावरकडील जो मजूर, जो मुनीम, जो दुकानदार त्या काळी रंगूनला गेला, तोही समुद्र ओलांडूनसुद्धा देश सोडून गेला नव्हता. १९३१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक हिंदी लोक नोंदले गेले, ते ह्याच मोकळ्या वाटेने गेलेले.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने ब्रह्मदेश वेगळा काढण्यात आला आणि दोन वर्षांनी विभाजन अमलात आले. १९४२ मध्ये जपानी आक्रमणाच्या वेळी लाखो लोक पायी वा मिळेल त्या वाहनाने निघाले, वे. सामिनाथ शर्मा ह्यांनी त्या वाटचालीचे वर्णन तमिळमध्ये लिहून ठेवले आहे. युद्धानंतर काही परत गेले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला व त्याने आपला नागरिकत्व कायदा केला. त्यानुसार, ज्याच्या पूर्वजांनी निदान दोन पिढ्या त्या भूमीवर कायमचे घर केले असेल आणि जो स्वतः व ज्याचे आईबाप तेथेच जन्मले असतील, तो नागरिक मानला जाणार होता. अनेक हिंदी कुटुंबे ह्या अटीच्या अगदी उंबरठ्यावर होती. पात्रता असली तरी ती कागदाने सिद्ध करावी लागे, आणि पुष्कळांनी ती कधी सिद्ध केली नाही. २ मार्च १९६२ रोजी लष्कराने सत्ता घेतली. १९६४ मध्ये दुकाने व व्यापार राष्ट्रीयीकृत झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पन्नास व शंभर क्याटच्या नोटा चलनातून रद्द झाल्या. त्यानंतरच्या बोटींनी आलेली माणसे मद्रासच्या उत्तर भागात, व्यासर्पाडीसारख्या वस्त्यांत व एन्नोरला, स्थिरावली. १९६९ पासून बंदराजवळ भरू लागलेला 'बर्मा बाजार' हीही त्यांचीच खूण आहे.

२

ह्या लोकांचे कायद्याच्या दृष्टीने स्थान काय होते, हे एका कल्पित कुटुंबाच्या आधारे पाहणे सोयीचे होईल. आजा १८९८ साली रामनाथपुरम् येथे जन्मला आणि तरुणपणी रंगूनला गेला. बाप १९२४ साली रंगूनला जन्मला. मुलगा १९५१ साली तेथेच जन्मला आणि १९६५ साली आईबापांबरोबर मद्रासला आला. नातू १९७६ साली एन्नोरला जन्मला.

भारतीय संविधानाच्या आठव्या अनुच्छेदाने परदेशस्थ भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी एक दार ठेवले होते. जो स्वतः, ज्याच्या आईबापांपैकी कोणी, किंवा ज्याच्या आजा-आजींपैकी कोणी हिंदुस्थानात जन्मले असेल, त्याने भारताच्या वकिलातीत आपली नोंदणी केली तर तो भारताचा नागरिक मानला जाई. येथे संविधान मागे पाहते आणि तीन पिढ्या मोजते. आपल्या कुटुंबातील बाप ह्या दारातून येऊ शकत होता, कारण त्याचा बाप रामनाथपुरमचा होता. मात्र त्यासाठी त्याने रंगूनच्या वकिलातीची पायरी चढणे आवश्यक होते.

पुढच्या पिढीचा विचार १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमात केला आहे. २६ जानेवारी १९५० नंतर भारताबाहेर जन्मलेले मूल, जन्माच्या वेळी त्याचा बाप भारताचा नागरिक असेल तर, वंशान्वये नागरिक होते. म्हणजे १९५१ च्या मुलाचा जन्म होण्यापूर्वी बापाची नोंदणी झाली असेल तर मुलगा जन्मतःच भारतीय ठरतो. पण कायद्याने तेथेच एक गाठ मारली होती. बाप स्वतः केवळ वंशान्वये नागरिक असेल, तर परदेशात जन्मलेल्या त्याच्या अपत्याची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे, किंवा नंतर केंद्र सरकारची अनुमती मिळाली पाहिजे. बाप सरकारी सेवेत असेल तर ह्या अटीतून सुटका होती. म्हणजे हा मुलगा रंगूनलाच राहिला असता आणि १९७६ चा नातू तेथे जन्मला असता, तर वर्षभरात झालेल्या एका नोंदीवर त्याचे भारतीयत्व अवलंबून राहिले असते. जी पिढी ही नोंद करण्यास चुकेल तिच्यापाशी साखळी तुटते.

नातू एन्नोरला जन्मल्यामुळे हा प्रश्न त्याच्यापुरता मिटला. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, राजनैतिक प्रतिनिधींची मुले वगैरे अपवाद सोडता, आईबापांचे नागरिकत्व कोणतेही असले तरी जन्मान्वये नागरिक होते. त्या तारखेनंतर जन्मलेल्यास आईबापांपैकी एकाचे तरी नागरिकत्व दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा अशी आणखी अट आली. येथे एक गोष्ट स्पष्ट होते. भूमीवर आधारलेला नियम जोपर्यंत उदार होता तोपर्यंत वंशाचा हिशेब अपुरा राहिला तरी चालत असे. भूमीचा नियम जसजसा आखडत गेला, तसतसे आजा-पणजाच्या कागदांचे महत्त्व वाढत गेले.

आईच्या बाजूचा विचार कायद्यात फार उशिरा आला, हेही नमूद करावयास हवे. १९९२ च्या दुरुस्तीपर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलास नागरिकत्व केवळ बापाकडून मिळत असे; १० डिसेंबर १९९२ पासून ते आईकडूनही मिळू लागले. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र परदेशातील प्रत्येक जन्माची नोंद, पिढी पहिली असो वा दुसरी, वकिलातीत करणे आवश्यक ठरले आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही असे आईबापांनी लिहून द्यावे लागू लागले. पूर्वी जी अट दुसऱ्या पिढीवर होती ती आता पहिल्याच पिढीवर आली.

३

आता बापाने रंगूनला नोंदणी केलीच नव्हती असे समजू. मग १९५१ चा मुलगा वंशान्वये भारतीय ठरत नाही. तथापि १९५५ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात 'भारतीय वंशाच्या' व्यक्तीस नोंदणीने नागरिक होता येत असे. सहा महिन्यांचे वास्तव्य त्यास पुरेसे होते. 'भारतीय वंशाचा' कोण, ह्याची व्याख्याही संविधानाप्रमाणेच होती: जो स्वतः, वा ज्याच्या आईबापांपैकी वा आजा-आजींपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मले असेल तो. म्हणून १९६५ साली मद्रासला उतरलेल्या ह्या मुलास आजाच्या जन्माचा आधार होता.

ह्यानंतर दोन बदल झाले. वास्तव्याची मुदत १९८६ च्या दुरुस्तीने पाच वर्षे व २००३ च्या दुरुस्तीने सात वर्षे झाली. त्याहून महत्त्वाचा बदल असा की, २००३ च्या दुरुस्तीने व्याख्येतून आजा-आजी वगळले गेले. आता व्यक्ती स्वतः किंवा तिच्या आईबापांपैकी कोणी अविभाजित भारतात, अथवा १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशात, जन्मलेले असले पाहिजे. तीन पिढ्यांची मोजणी दोन पिढ्यांवर आली.

ह्याचा परिणाम रंगूनच्या कुटुंबावर काय होतो ते पाहण्यासारखे आहे. बाप १९२४ साली जन्मला तेव्हा रंगून ब्रिटिश हिंदुस्थानात होते. परंतु कायद्यातील 'अविभाजित भारत' म्हणजे १९३५ च्या कायद्याने व्याख्या केलेला भारत. त्या व्याख्येत ब्रह्मदेश येत नाही. म्हणून बापाचा जन्म, तो झाला त्या दिवशी हिंदुस्थानातील असूनही, आजच्या कायद्यास हिंदुस्थानाबाहेरचा वाटतो. अशा कुटुंबातील जो माणूस २००४ नंतर भारतात येईल, त्याला आजाचाही आधार नाही आणि बापाचाही नाही. कुटुंब जागचे हलले नाही, सीमारेषा हलली. आणि ती मागच्या तारखेपासून हलल्याप्रमाणे तिचा हिशेब केला जातो.

त्याच कायद्याची दुसरी बाजू अशी. 'भारताचा परदेशस्थ नागरिक' ह्या वर्गासाठी २०१५ च्या दुरुस्तीने भारतीय नागरिकाच्या पणतवंडापर्यंत मजल गेली आहे. नावात नागरिक असला तरी ह्या वर्गाला मताधिकार नाही. येण्याजाण्याची, राहण्याची व काही व्यवहारांची मोकळीक आहे. ज्याच्याजवळ दुसऱ्या देशाचे पक्के पारपत्र आहे त्याच्यासाठी चार पिढ्या, आणि ज्याला नागरिकत्वाची खरी निकड आहे त्याच्यासाठी दोन, अशी ही मोजणी आहे. पिढ्यांची संख्या रक्ताच्या जवळिकीवरून ठरत नाही. समोर कोण उभा आहे ह्यावरून ती ठरते, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

४

एन्नोरहून गुडूरकडे जाणारी रेल्वे अत्तिपट्टु, मिंजूर, पोन्नेरी ही स्थानके घेत गुम्मिडिपूंडीस पोचते. तेथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळांची छावणी आहे. अशा छावण्यांना तमिळनाडू सरकारने २०२१ पासून 'पुनर्वसन छावणी' असे नाव दिले. एकाच लोहमार्गावरील ह्या दोन वस्त्यांत आपल्या विषयाच्या दोन बाजू दिसतात. बर्मा नगरात प्रश्न होता तो परदेशात जन्मलेल्या भारतीय वंशजांचा. श्रीलंकेच्या दृष्टीने पाहिले तर छावणीत जन्मलेले मूलच परदेशात जन्मलेले असते.

सिलोनच्या १९४८ च्या नागरिकत्व कायद्यात पिढ्यांची मोजणी फार कठोर होती. त्या बेटावर जन्मलेल्या माणसासही, त्याचा बाप तेथे जन्मला असेल, अथवा आजा आणि पणजा हे दोघेही तेथे जन्मले असतील, तरच वंशान्वये नागरिकत्व मिळत होते. चहाच्या मळ्यांतील भारतीय वंशाच्या मजुरांजवळ असा पुरावा क्वचितच असे. १९४७ च्या निवडणुकीत त्यांचे सात प्रतिनिधी संसदेत गेले होते, कवी सी. व्ही. वेलुपिळ्ळै हे त्यांपैकी एक. पुढे ज्यांनी निवडून दिले तो मतदारवर्गच जवळजवळ नाहीसा झाला. ३० ऑक्टोबर १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री करारात अशा ९,७५,००० लोकांचा विचार झाला: ५,२५,००० भारताने घ्यावे, ३,००,००० सिलोनने ठेवावे, उरलेल्या १,५०,००० चे पुढे पाहावे. त्यांची समसमान वाटणी १९७४ मध्ये झाली. करारानंतर जन्मलेली मुले आपापल्या आईबापांच्या वाट्यास जातील, असे ठरले होते. अजून न जन्मलेल्यांचीही वाटणी आधीच झाली होती.

१९८३ नंतरच्या यादवीत जे भारतात आले त्यांच्यापैकी काही ह्याच मळेवाल्या समाजातील होते. त्यांच्या मुलांची स्थिती दुहेरी अडचणीची झाली. श्रीलंकेच्या नागरिकाचे मूल परदेशात जन्मले तर वर्षभरात किंवा पुढे अनुमतीने श्रीलंकेच्या वकिलातीत नोंद व्हावी लागते. २००३ पर्यंत हे नागरिकत्व केवळ बापाकडूनच मिळत असे. चेन्नईतील वकिलातीत अशा नोंदी करून घेण्याचे काम निर्वासितांच्या स्वतःच्या संघटनेने वर्षानुवर्षे केले आहे. परंतु बाप स्वतःच राज्यहीन असेल तर नोंदवावयाचे काय? आणि मूल १ जुलै १९८७ नंतरचे असेल तर भारतीय भूमीवरील जन्मही त्याला पुरत नाही. श्रीलंकेने २००३ साली कायदा करून भारतीय वंशाच्या आपल्या रहिवाशांना नागरिकत्व दिले आणि २००९ मध्ये त्याचा लाभ भारतातील छावण्यांपर्यंत पोचवण्याची दुरुस्ती केली. भारतात, जून २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने भारतीय वंशाच्या छावणीवासीयांच्या अर्जांवर केंद्र सरकारने निर्णय द्यावा असे सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील नागरिकत्व दुरुस्तीत मात्र श्रीलंकेचा समावेश नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच खंडपीठाने, १९८६ साली मंडपम् छावणीत जन्मलेल्या एका स्त्रीस जन्मान्वये नागरिक मानून पारपत्र देण्याचा आदेश दिला. तिच्यानंतर सव्वा वर्षाने त्याच छावणीत जन्मलेल्या तिच्या भावंडास हा आधार मिळाला नसता.

५

मराठी-कोकणी प्रदेशात ह्या विषयाचे एक उलटे उदाहरण गोव्यात आढळते. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, वा ज्याचे आईबाप वा आजा-आजी गोवा, दमण व दीव येथे जन्मले असतील, त्यांना भारताचे नागरिक मानले. येथेही तीन पिढ्याच. दुसरीकडे पोर्तुगालच्या कायद्याने त्या तारखेपूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना आपल्याकडे येण्याचे दार उघडे ठेवले. त्यासाठी आजाच्या वा बापाच्या जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करावी लागते. चर्चच्या किंवा नोंदणी कचेरीच्या जुन्या वहीतील पोर्तुगीज भाषेतील ओळ आज नातवाला युरोपात नेऊ शकते. आणि त्याने ते नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की भारताच्या कायद्याच्या नवव्या कलमान्वये त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. केवळ जन्मनोंद करणे म्हणजे नागरिकत्व स्वीकारणे होय की नव्हे, ह्यावर गोव्यात बराच वाद झाला आहे. बर्मा नगराच्या आजाकडे वंश होता पण वही नव्हती. गोव्याच्या आजाकडे वही होती, म्हणून त्याचा वंश दोन देशांत मोजला गेला.

६

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने ह्या तपशिलाची दखल का घ्यावी, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. एक कारण शब्दांचे आहे. मराठीतील 'नागरिक' नगरावरून आला. म्हणजे माणूस राहतो कोठे हे त्यात आधी येते. तमिळमधील 'कुडियुरिमै' ह्या शब्दात 'उरिमै' म्हणजे हक्क, आणि 'कुडि' म्हणजे घर, वस्ती तसेच कुळही. राहण्याची जागा आणि वंश हे दोन्ही अर्थ त्या एका पदात एकत्र नांदतात. कायद्याने त्यांची ताटातूट केली. जन्मान्वये व वंशान्वये अशी दोन कलमे केली. १९५२ च्या 'पराशक्ति' ह्या तमिळ चित्रपटातील भाऊ रंगूनमध्ये आणि बहीण मदुराईत राहते. प्रेक्षकांना ते एकच कुटुंब वाटते, भाऊ परदेशी आहेत असे कोणालाही वाटत नाही.

दुसरे कारण अभ्यासाच्या पद्धतीशी निगडित आहे. लेखकास 'भारतीय', 'प्रवासी', 'परदेशस्थ' अशा वर्गांत बसवताना आपण नकळत पारपत्राची मोजणी उसनी घेतो. साहित्य अकादमीचा वार्षिक पुरस्कार भारतीय नागरिकाच्या ग्रंथालाच मिळतो. संस्थेला असा नियम लागतो हे समजण्यासारखे आहे. पण वाङ्मयेतिहासाला तो नियम लागू करण्याचे कारण नाही. रंगूनला लिहिलेले तमिळ, मॉरिशसला टिकलेली मराठी, मळ्यावर रचलेले गीत ह्यांची परंपरा वकिलातीच्या नोंदवहीत सापडणार नाही. भाषा पुढच्या पिढीस देताना वर्षाची मुदत नसते. आणि दिली गेली नाही तर कोणत्याही आदेशाने ती मागाहून देता येत नाही.

बर्मा नगरात आज जी मुले जन्मतात त्यांच्यापुरता कायद्याचा प्रश्न बहुधा सुटलेला आहे. त्यांचे आईबाप येथलेच नागरिक आहेत. काही स्थानकांपलीकडच्या छावणीत जन्मणाऱ्या मुलाचा प्रश्न मात्र उभाच आहे. दोघांच्याही घरी तमिळ बोलली जाते आणि दोघांच्याही पूर्वजांपैकी कोणीतरी ह्याच किनाऱ्यावरून बोटीत बसले असणे शक्य आहे. त्यांच्यातील अंतर आजा किती दूरचा ह्यावर अवलंबून नाही. आजाने किंवा बापाने कोणत्या वर्षी, कोणत्या कचेरीत, कोणती ओळ लिहवून घेतली, किंवा लिहवून घेणे त्याला शक्य झाले नाही, ह्यावर ते अवलंबून आहे.